डोरोथिया लँग : पाहायला शिकलेली बाई

लँगचं शिक्षण कुठं झालं, असं विचारलं की चरित्रकार कोलंबिया विद्यापीठातल्या क्लॅरेन्स व्हाइट यांच्या वर्गाचं नाव घेतात. मला ते पुरेसं वाटत नाही. जन्म १८९५ चा, न्यू जर्सीतल्या होबोकेनचा. सातव्या वर्षी पोलिओ झाला, उजवा पाय कायमचा अधू राहिला. बारा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. आई न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये ग्रंथालयात नोकरीला. ही पोर लंगडत त्या गर्दीतून जायची. कुणाच्या नजरेत न भरता सगळ्यांकडे पाहायचं, ही विद्या तिथली. वर्ग नंतरचा.

पुढं सॅन फ्रान्सिस्कोत श्रीमंतांचे फोटो काढणारा स्टुडिओ, मग मंदी, आणि पॉल टेलर. हा अर्थशास्त्रज्ञ १९३५ मध्ये तिचा दुसरा नवरा झाला, पण मी त्याला तिचा दुसरा गुरूच म्हणेन. माणसाला बोलतं करायचं, त्याचेच शब्द टिपून घ्यायचे, हे ती त्याच्याकडून शिकली. १९३९ चं दोघांचं पुस्तक पाहा, फोटोंखाली लोकांचं स्वतःचं बोलणं आहे.

आणि आता अडचण बघा. तिचा सर्वांत गाजलेला फोटो, ‘मायग्रंट मदर’, मार्च १९३६, निपोमोचं वाटाण्याच्या मजुरांचं तळ. महिनाभराच्या दौऱ्यावरून घरी परतताना ती तिथं थांबली, आणि दहाएक मिनिटांत निघालीसुद्धा. वय विचारलं, बत्तीस. नाव विचारलं नाही. हे तिनंच १९६० मध्ये लिहून ठेवलंय. म्हणजे टेलरची शिकवण नेमकी इथंच गळाली! टायर विकून पोट भरलं, असंही तिनं लिहिलं. कुटुंबानं ते नाकारलं.

काही जण म्हणतात, नाव नाही म्हणूनच ती सगळ्यांची आई झाली. मला हा युक्तिवाद पटत नाही. सगळ्यांची कशी? ती चेरोकी वंशाची होती, हे पाहणाऱ्यांना कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. ‘सर्वसामान्य’ हे पद मिळवायला विशेष पुसावं लागलं, असा याचा सरळ अर्थ. चौकटीच्या कडेला त्या बाईचा अंगठा दिसत होता, तोही नंतर निगेटिव्हवर झाकून टाकला.

फोटो छापून आल्यावर तळावर धान्य पोहोचलं खरं, पण तोवर हे कुटुंब पुढं निघून गेलं होतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये. फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, असं ती तेव्हा म्हणाली. लँगला जाऊन तेरा वर्षं झाली होती.