नियतीला नकार : इम्रे केर्तेस यांच्या ‘फेटलेसनेस’ या कादंबरीतील बालनिवेदक

प्रास्ताविक :
दुसऱ्या महायुद्धातील ज्यूसंहाराविषयीच्या साहित्यात बालकाच्या अनुभवाला विशेष स्थान आहे. या साहित्यातील बालक बहुधा निरागसतेचे प्रतीक म्हणून वाचले जाते. त्याच्याविषयी करुणा दाटून येते आणि तेथेच वाचन थांबते. हंगेरियन लेखक इम्रे केर्तेस (१९२९-२०१६) यांची ‘फेटलेसनेस’ ही कादंबरी वाचकाला ही सोय उपलब्ध करून देत नाही. तिचे मूळ हंगेरियन नाव ‘शोर्शतालानशाग’ असे असून ती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. केर्तेस यांना २००२ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कादंबरीतील बालनिवेदकाच्या भाषेचे स्वरूप आणि तिच्यातून सिद्ध होणारा नियतीविषयक विचार यांचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
१९ मार्च १९४४ रोजी जर्मनीने हंगेरी व्यापला. एप्रिलमध्ये ज्यूंना पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत सुमारे ४,३७,००० ज्यूंना हंगेरीतून हद्दपार करण्यात आले. त्यांतील बहुसंख्यांची रवानगी आउश्वित्झला झाली. स्वतः केर्तेस वयाच्या चौदाव्या वर्षी आउश्वित्झ आणि तेथून बुखेनवाल्ड येथे नेले गेले. तथापि, आपली कृती आत्मचरित्र नसून कादंबरी आहे, असा त्यांचा आग्रह राहिला. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण या कृतीचे सामर्थ्य घटनांच्या दाहकतेपेक्षा निवेदनाच्या रचनेत अधिक आहे.

‘स्वाभाविकच’ या शब्दाची भीषणता :
निवेदक ग्यॉर्गी क्योवेश हा बुडापेस्टमधील चौदा वर्षांचा मुलगा. वडिलांना सक्तीच्या श्रमसेवेसाठी जावे लागते, त्या दिवसापासून कथन सुरू होते. पुढे कामावर जात असताना एक पोलीस त्याला बसमधून उतरवतो. त्याच्यासारखीच इतर मुलेही तेथे जमलेली असतात. पोलीस मनमिळाऊ आहे आणि मुले खेळात वेळ घालवतात. नंतर विटांच्या भट्टीच्या आवारात जर्मनीतील कामासाठी नावे नोंदवली जातात, तेव्हा प्रवासात गर्दी कमी असेल आणि नवा मुलूख पाहायला मिळेल, या आशेने ही मुले आपणहून नाव देतात. प्रत्येक टप्प्यावर समोर येणारी गोष्ट मुलाला समजण्याजोगी, जवळजवळ रास्त वाटते. ‘स्वाभाविकच’, ‘अर्थात’ अशा अर्थाचे शब्द त्याच्या निवेदनात वारंवार येतात.

ही भाषा आज्ञाधारक विद्यार्थ्याची आहे. नियम असेल तर त्यामागे कारणही असणारच, असे शाळेने आणि घराने शिकवलेले मन तिच्यात बोलते. आउश्वित्झच्या फलाटावरील प्रसंगात या मनाची परिसीमा दिसते. तेथील कैद्यांचे पोशाख पाहून तो त्यांना गुन्हेगार समजतो. डॉक्टर माणसांची निवड करू लागतो, तेव्हा हा मुलगा त्याच्याच नजरेने रांगेकडे पाहतो आणि कोण कामाचा, कोण निकामी, याचा मनोमन निवाडा करतो. संहाराची यंत्रणा केवळ बंदुकीच्या धाकावर चालत नव्हती. माणसाच्या समंजसपणाचाही ती वापर करून घेत होती, हे सत्य येथे कोणत्याही भाष्याविना प्रकट होते. वाचकाला पुढचे ठाऊक आहे, मुलाला नाही. या अंतरातून निर्माण होणारा ताण हाच कादंबरीचा खरा आशय आहे.

ज्यू असणे : बाहेरून लादलेली ओळख :
हद्दपारीपूर्वी शेजारची एक मुलगी ग्यॉर्गीला विचारते की, लोक आपला द्वेष करतात, तर आपल्यात असे वेगळे काय आहे? तो राजपुत्र आणि भिकारी यांच्या अदलाबदलीची गोष्ट सांगून उत्तर देतो. जन्मतःच अदलाबदल झाली असती, तर वेगळेपणाचा हा शिक्काही दुसऱ्या कोणाच्या तरी कपाळी आला असता, असा त्याचा आशय. ती मुलगी रडू लागते, कारण वेगळेपण आपल्या आतच नसेल, तर या साऱ्या दुःखाला काहीच अर्थ उरत नाही. पुढे छावणीत यिडिश भाषा येत नाही, म्हणून काही धर्मनिष्ठ ज्यू कैदी त्याला ज्यू मानण्यास नकार देतात. शासनाच्या दृष्टीने तो ज्यू आहे, पण ज्यूंच्या दृष्टीने नाही. या दुहेरी परकेपणामुळे सामूहिक ओळखीचा आधारही त्याला लाभत नाही.

नियती, प्रारब्ध आणि ‘भोग’ :
कादंबरीच्या प्रारंभी लायोश काका मुलाला सांगतात की, आता तोही ज्यूंच्या समान नियतीत सहभागी झाला आहे. शतकानुशतकांचा हा छळ पूर्वीच्या पापांबद्दल ईश्वराने दिलेला आहे आणि तो धीराने सोसला पाहिजे. मराठी वाचकाला ही विचारसरणी अनोळखी नाही. प्रारब्ध, भोग, ललाटलेख या शब्दांनी आपणही दुःखाची अशीच व्यवस्था लावत आलो आहोत.

याच कारणाने कादंबरीच्या शीर्षकाचा मराठी पर्याय शोधणे ही निव्वळ कोशातली अडचण राहत नाही. ‘दैवहीन’ किंवा ‘नशीब नसलेला’ म्हटले की मराठीत ‘अभागी’ असा अर्थ होतो. केर्तेस यांना नेमके याच्या उलट अभिप्रेत आहे. जे घडले ते ग्यॉर्गीच्या वाट्याचे नव्हते. दुसऱ्याने लादलेले जीवन त्याला जगावे लागले. ‘नियतिहीनता’ हा शब्द कृत्रिम वाटला, तरी अर्थाच्या अधिक जवळ जातो.

अखेरच्या प्रकरणात बुडापेस्टला परतलेला ग्यॉर्गी दोन वृद्ध शेजाऱ्यांशी वाद घालतो. संकट ‘आले’ असे ते म्हणतात. त्यावर त्याचे म्हणणे असे की, काहीही आपोआप आले नाही. प्रत्येक जण एकेक पाऊल टाकत गेला. नियती असेल तर स्वातंत्र्य संभवत नाही आणि स्वातंत्र्य असेल तर नियती उरत नाही. लायोश काकांच्या उपदेशाला दिलेले हे उत्तर आहे. मात्र हा युक्तिवाद बळींना दोषी ठरवत नाही. तो त्यांचे कर्तेपण त्यांना परत देऊ पाहतो, कारण ज्याच्यावर सारे केवळ कोसळले, त्याच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे आयुष्यच उरत नाही.

सुखाचा प्रश्न :
परतीच्या वाटेवर एक पत्रकार छावण्यांच्या नरकाविषयी विचारतो. आपल्याला नरक ठाऊक नाही, छावणी ठाऊक आहे, असे ग्यॉर्गीचे उत्तर असते. कादंबरीच्या शेवटी तर तो छावणीतील सुखाविषयी बोलण्याची इच्छा व्यक्त करतो. हे विधान अनेक वाचकांना अस्वस्थ करणारे आहे. परंतु त्यातून छावणीचे समर्थन होत नाही. संध्याकाळच्या निवांत घटकेची, कोणी दाखवलेल्या माणुसकीची आठवणही नाकारायची असेल, तर त्या वर्षाचा मालक तो मुलगा न राहता छळ करणाराच ठरतो. मराठीतील ‘भोगणे’ या क्रियापदात सुख आणि दुःख दोन्ही सामावतात, ही बाब येथे लक्षणीय आहे. त्या शब्दामागील पूर्वकर्माचा हिशेब मात्र ग्यॉर्गीला मान्य झाला नसता.

मर्यादा :
अंतिम प्रकरणातील तात्त्विक युक्तिवाद किशोरवयीन निवेदकाच्या आवाक्यापलीकडचा वाटतो, असा आक्षेप घेता येईल आणि तो सर्वस्वी निराधार नाही. येथे १९६० ते १९७३ अशी तेरा वर्षे या कृतीवर काम करणाऱ्या प्रौढ लेखकाचा आवाज ऐकू येतो. तरीही आधीच्या प्रकरणांतील ‘स्वाभाविकच’ म्हणणारी भाषाच येथे स्वतःला तपासू लागते, त्यामुळे हा बदल उपरा ठरत नाही.

निष्कर्ष :
बालकाला निरागस बळी म्हणून वाचणे हे सहृदयतेचे लक्षण असले, तरी त्यात त्याचे बोलणे न ऐकण्याचा धोका आहे. ग्यॉर्गीभोवतीची प्रौढ माणसे हेच करतात : काका त्याच्या अनुभवाला ईश्वरी शिक्षा म्हणतात, पत्रकार नरक म्हणतो, शेजारी विसरून जा म्हणतात. प्रत्येकापाशी तयार शब्द आहे. केर्तेस यांचा बालनिवेदक हे सारे शब्द बाजूला सारून जगलेल्या क्षणांचा क्रम राखतो. या साहित्याचे अध्यापन करताना करुणेच्या आधी हा क्रम समजून घेणे अगत्याचे आहे, कारण अन्यायाची पहिली पावले प्रत्येक वेळी क्रूर दिसतातच असे नाही. पुष्कळदा ती स्वाभाविक दिसतात.