पत्रा उतरवणारे हात

पुण्यातल्या कसबा, शनिवार, सदाशिव या पेठांत शेजारचा वाडा पाडला की उरलेल्या वाड्याची सामाईक भिंत उघडी पडते. लाकडी सांगाड्यात मातीत बसवलेल्या विटा पावसात टिकाव्यात म्हणून मालक तिच्यावर नालीदार पत्रे ठोकतात. ते गंजून उतरवायची वेळ आली, की जाणत्या मिस्त्रीचं काम उभं राहून पाहावं.

तो वरून सुरुवात करतो. बसवताना खालची रांग आधी, वरची तिच्यावर चढवलेली. सुटतात ते उलट क्रमानं. गंजलेला खिळा तो लगेच ओढत नाही. आधी किंचित आत ठोकतो, म्हणजे गंजाची पकड सुटते. मग सागवानी खांबावर फळकूट ठेवतो आणि त्यावर हातोडी टेकवून खिळा उपटतो. वळ उठतो तो फळकुटावर. एखादा खिळा तरीही हलला नाही, तर त्याचं डोकं कापून पत्रा मोकळा करतो आणि खिळा लाकडातच राहू देतो. या कामातली सर्वांत देखणी जागा मला हीच वाटते.

काही भिंतींवर पत्र्याऐवजी सिमेंटचा गिलावा असतो. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट ती कोंडतं आणि आतलं लाकूड कुजतं. मिस्त्री भिंत वाजवत जातो. बद्द आवाज आला की तिथून पटाशी आडवी, भिंतीलगत सरकवतो. खणखणीत जागा शेवटी. विटेची भाजलेली वरची कातडी उडाली, तर आतली मऊ वीट पाणी पिऊ लागते.

नक्षीवरचा ऑइलपेंट ही याहून नाजूक परीक्षा. दुसऱ्या बाजीरावानं १८०७ मध्ये बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब डोळ्यांसमोर आणा. अशा कोरीव कामावर घासायचं यंत्र फिरवलं तर रंगाबरोबर कारागिराच्या हत्याराची धारही जाते. रंग मऊ करून बांबूच्या काडीनं कोरत काढला, तरच पाकळीची कड शाबूत राहते. वेळ लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

वाडेमालकांना एवढंच सांगणं आहे: हे काम चौरस फुटाच्या ठेक्यानं देऊ नका, रोजावर द्या. आणि ते दिवाळीनंतर काढा, म्हणजे उघडी भिंत पावसाआधी सावकाश झाकता येईल.