दूरशिक्षणाचे तंत्र : डॉ. राम ताकवले यांच्या कार्याचा विचार

उरणजवळच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. मोठ्या ओहोटीला गाळामुळे ती काही तास थांबते. ज्याचा दिवस असा भरती-ओहोटीवर ठरतो, त्याला ठराविक वेळी भरणारे महाविद्यालय कसे जमावे? जवळच्या घारापुरी बेटावर तर समुद्राखालच्या केबलने वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. वेळ आणि वीज दोन्ही अपुरी असणाऱ्या अशा विद्यार्थ्यासाठी शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणजे काय? डॉ. राम ताकवले यांचे कार्य या प्रश्नाच्या कसोटीवर पाहायला हवे.

ताकवले (१९३३–२०२३) मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पुराणिकांसह त्यांनी लिहिलेले अभिजात यामिकीचे इंग्रजी पाठ्यपुस्तक अनेक महाविद्यालयांत वापरले गेले. १९७८ ते १९८४ ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्याचेही ते पहिले कुलगुरू. पुढे १९९५ ते १९९८ त्यांनी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची धुरा वाहिली.

आपल्याकडे शैक्षणिक तंत्रज्ञान म्हटले की प्रथम यंत्र आठवते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले गेले. प्रयोग मोठा होता; पण पडद्यावरचा शिक्षक बोलतो आणि विद्यार्थी ऐकतो, हे नाते बदलले नाही. मुक्त विद्यापीठाचे मुख्य साधन मात्र छापील पुस्तक होते. ते कंदिलाच्या उजेडातही चालते!

मात्र हे पुस्तक वेगळ्या रीतीने लिहावे लागते. एक उदाहरण घेऊ. घोडा गाडीला ओढतो, तेव्हा गाडीही घोड्याला तेवढ्याच बलाने मागे ओढते. मग गाडी हलते कशी? नेहमीचे पुस्तक नियम सांगून पुढे जाते, कारण शंका फेडायला उद्या वर्गात शिक्षक आहे. स्वयंअध्ययनाचे पुस्तक हा प्रश्न स्वतःच विचारते, विद्यार्थ्याला थांबवते, त्याची संभाव्य चूक ओळखते आणि मग दाखवते की ही दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात. शिक्षकाचे अनुभव असे पुस्तकाच्या रचनेत उतरवणे, हेच खरे तंत्रज्ञान. नाशिकच्या प्रयोगाचे मोल आम्हांला इथे दिसते.

उणिवाही पाहिल्या पाहिजेत. दहावी-बारावी न झालेल्या प्रौढांना पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीचा मार्ग मिळाला, ही मोठी गोष्ट. पण प्रवेश सोपा झाला म्हणून शिक्षण पूर्ण होतेच असे नाही. अभ्यासकेंद्रे बहुधा चालू महाविद्यालयांतच; तेथील मार्गदर्शक पुन्हा व्याख्यानच देऊ लागला, तर पुस्तकाची सारी रचना वाया जाते. स्वाध्याय उशिरा तपासून आला, तर चूक तोवर पक्की झालेली असते. शिवाय प्रयोगशाळा टपालाने पाठवता येत नाही. हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञाने उभारलेल्या व्यवस्थेलाही अवघडच राहिला.

२०२० च्या टाळेबंदीत आपण वर्गातला तास जसाच्या तसा मोबाईलवर नेला. यंत्र नवे होते, पाठ जुनाच. शिक्षकमित्रांनी एक प्रयोग करून पाहावा. आपल्या विषयाचा एक पाठ असा लिहावा, की तुम्ही गैरहजर असताना तो विद्यार्थ्याला समजेल. आणि तो कोठे अडखळला हे त्याच्याच तोंडून ऐकावे. ताकवल्यांच्या कामाची थोरवी आणि अडचण, दोन्ही त्या एका पाठात कळतील.