ग्रुप फोटो आणि दाखलखारीज रजिस्टर

जुन्या खाजगी शाळांच्या स्मरणिकांत मुलांचे ग्रुप फोटो हमखास असतात. मधल्या खुर्चीवर संस्थेचे अध्यक्ष, शेजारी हेडमास्तर, मागे टोपीवाल्या मुलांच्या रांगा, कडेला शिपाई. आमच्या जऊळक्याकडे, वऱ्हाडात, हे फोटो दाखवून ‘तेव्हा शाळेत जातपात नव्हती’ असे सांगणारे भेटतात. मला हे वाचन मान्य नाही.

फोटो हाही एक मजकूर आहे. तो कोणी घडवला, कोणासाठी घडवला, हे विचारलेच पाहिजे. कॅमेऱ्यापुढे मुले घटकाभर उभी राहतात. वर्ग वर्षभर चालतो. खांद्याला खांदा लागला म्हणून पाण्याचा माठ एक होता, असे सिद्ध होत नाही. साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाल भीमरावांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. ही तहान कोणत्या फोटोत दिसेल?

आणि जी मुले फोटोपर्यंत पोचलीच नाहीत, त्यांचे काय? अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या खाजगी संस्थांना अनुदान देऊ नये, असा ठराव मुंबई सरकारला १९२३ साली करावा लागला. दारे उघडी असती तर ठराव कशाला लागला असता?

म्हणून या फोटोंशेजारी मी दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) ठेवतो. ‘अक्करमाशी’त शाळेची सहल आहे. सवर्ण मुले एकीकडे जेवतात, महारांची मुले वेगळी बसतात, आणि यांच्या वाट्याला उरलेले अन्न येते. त्या सहलीचा फोटो निघाला असता तर सगळी मुले एकाच रांगेत हसली असती. ज्यांच्याकडे कॅमेरा नव्हता त्यांनी शब्दांनी खरा वर्ग उभा केला. प्रस्थापित समीक्षा या लेखनाला केवळ वैयक्तिक व्यथा समजते; मी त्याला शाळेचा इतिहास समजतो.

हा वाद जुना झालेला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला यातून सूट देणारा नियम महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

तेव्हा शिक्षक-विद्यार्थी मित्रांनो, स्मरणिका हाती आली की त्याच वर्षाचे दाखलखारीज रजिस्टर मागा. गावात मुले किती होती, रजिस्टरात किती आली आणि फोटोत किती उरली, हे मोजा. गौरवाची भाषणे त्यानंतर ऐकू.