कात्री लागते ती साकी-दिंडीला

कोल्हापुरात आज नाट्यसंगीत ऐकायला मिळतं ते बहुतेक मैफलीत. दोन ओळींचं निवेदन होतं आणि पद सुरू होतं. गळे तयार आहेत, श्रोतेही भरभरून दाद देतात. तरी या कलेचं बरं चाललंय असं मला म्हणवत नाही. मैफलीत येतात ती मोठी पदं. नाटक पुढे नेणारी छोटी पदं तिथे येतच नाहीत.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'मध्ये (१८८०) सुमारे २०० पदं होती. त्यांत साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असे कितीतरी प्रकार. दिंडीला आलापी लागत नाही. चार ओळींत निरोप सांगायचा, रुसवा दाखवायचा आणि लगेच संवादाला भिडायचं. कीर्तनं ऐकलेल्या प्रेक्षकाला ही चाल पाठच असायची, त्यामुळे त्याचा कान शब्दांवर राहायचा. प्रयोग आजच्या वेळेत बसवायचा झाला की पहिली कात्री इथेच लागते.

पदाचा तोल गाण्याकडे झुकला तो 'मानापमान'पासून (१९११), आणि त्या चाली कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादियाखाँ त्यांनी मनापासून ऐकलेले; त्यात ठुमरी-दादऱ्याचा रंग त्यांनी मराठी शब्दांवर चढवला. याला मी ऱ्हास म्हणणार नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, तेव्हा धैर्यधर होते कोल्हापूरचेच केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. असे गळे असल्यावर प्रेक्षक 'वन्समोअर' देणारच. पण वन्समोअरमागून वन्समोअर आले की कथानक ताटकळतं, हेही खरं.

वाद्यांकडे तर आपलं लक्षच नाही. ऑर्गन, सारंगी, तबला यांना आपण नुसती साथ समजतो. नट शेवटच्या वाक्यावर आला की ऑर्गनवाला हलकेच सूर धरतो. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळू नये, ही त्याची करामत. नट श्वासाला थांबला तर ती जागा तो भरतो. टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक, म्हणून त्यांच्या चालींत अशा जागा मुबलक आहेत. ध्वनिमुद्रित ट्रॅकवर प्रयोग केला तर हे सगळं जातं. ट्रॅक नटासाठी थांबत नाही.

शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. पुनर्बांधणीत रंगमंचापुढे साथीदारांची बैठक हवीच, नटाचे ओठ दिसतील एवढ्या अंतरावर. आणि तिथे किर्लोस्करांचं 'सौभद्र' करायचं ते साकी-दिंडीसकट करावं. वेळ कमी पडला तर मोठ्या पदांतल्या ताना आवराव्यात.