हरवलेले चित्रपट आणि हरवणारे हात

भयपटांचे शौकीन ही एक वेगळीच जमात आहे. जे चित्रपट पडद्यावर आहेत त्यांच्यापेक्षा जे कोठेच नाहीत त्यांच्या मागे ही माणसे अधिक लागतात. टॉड ब्राउनिंगने १९२७ साली केलेल्या 'लंडन आफ्टर मिडनाइट' या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६५ साली एमजीएम कंपनीच्या कोठाराला लागलेल्या आगीत जळाली. तरीही शोध थांबलेला नाही. २०१४ साली त्याचे एक पोस्टर लिलावात ४,७८,००० डॉलरला गेले. चित्रपट नाही; पण त्याच्या जाहिरातीच्या कागदाला एवढी किंमत!

या वेडाची मी टिंगल करणार नाही. ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास लिहिलाच गेला नाही, त्यांनी शोधणाऱ्या माणसाला हसू नये. मात्र एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. चित्रपट आपोआप हरवतो काय? आग ही एक गोष्ट झाली. पण पुष्कळ चित्रपट आगीने नव्हे, माणसांच्या हातांनी हरवले आहेत. शोधणाऱ्यांची चर्चा होते. हरवणाऱ्यांची होत नाही.

जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'द अम्यूझमेंट पार्क' हा चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. वृद्धांची समाजात होणारी हेळसांड दाखवावी म्हणून पेनसिल्व्हेनियातील एका ल्युथरन सेवासंस्थेने १९७३ साली तो करवून घेतला. पिट्सबर्गजवळच्या वेस्ट व्ह्यू पार्क या करमणूक उद्यानात चित्रीकरण झाले. चित्रपट तासाभराचाही नाही. तो चित्रपटगृहात आलाच नाही. पुढे चार दशकांहून अधिक काळ तो रोमेरोच्या चाहत्यांसाठी केवळ नाव होता. २०१७ साली, म्हणजे रोमेरो वारला त्याच वर्षी, त्याची सोळा मिलिमीटरची जुनी प्रत पुढे आली. त्याच्या पत्नीच्या पुढाकाराने ती दुरुस्त झाली आणि २०२१ साली जगाने ती पाहिली.

या चित्रपटात भूत नाही, पिशाच्च नाही, अंधारही फारसा नाही. पांढरा सूट घातलेला एक वृद्ध गृहस्थ हसतमुखाने जत्रेसारख्या गर्दीत शिरतो. खानावळीत श्रीमंत गिऱ्हाइकाभोवती वाढपी धावतात. म्हाताऱ्याकडे पाहण्यासही कोणी तयार नाही. मोटारसायकलवाले गुंड त्याला मारतात, लुबाडतात. एक लहान मुलगी गोष्टीचे पुस्तक घेऊन त्याच्याजवळ येते, तर तिची आई तिला उचलून घेऊन जाते. शेवटी रक्ताळलेला, मळलेल्या कपड्यांतला तो एका पांढऱ्या खोलीत येऊन बसतो. आणि त्याचेच स्वच्छ, हसतमुख रूप पुन्हा बाहेर जायला निघते. सारे भरदिवसा घडते. कोणाला काही वावगे वाटत नाही. हेच या चित्रपटातले भय आहे.

येथे मला माझे आजोबा आठवतात. गावकीच्या कामात मयताचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री परगावी जाणे त्यांच्याकडे होते. पिंपळावरचा मुंजा, ओढ्यावरची हडळ, शिवेवरचा वेताळ या सगळ्यांच्या हद्दीतून ते एकटे जात. भीती वाटत नव्हती का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "रात्रीचं कसलं भ्या, पोरा? दिवसा चावडीम्होरनं जायचं म्हटलं की छातीत धस्स व्हायचं."

आमच्या प्रस्थापित भयकथेला हे वाक्य कधी ऐकूच आले नाही. तिचे भूत नेहमी गावाबाहेर असते. स्मशान, ओढा, शीव हे त्याचे पत्ते. आणि गावाबाहेर आणखी कोण राहत होते? आम्हीच! ज्या दिशेला भूत, त्याच दिशेला महारवाडा आणि मांगवाडा. वाड्यात बसून लिहिणाऱ्याला ज्या अंधाराची भीती वाटली, त्या अंधारात आमच्या चुली पेटत होत्या. आमचे भय गावाच्या मध्यभागी होते: पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, चहाच्या वेगळ्या कपात. रोमेरोने भय वस्तीबाहेरून उचलून सभ्य माणसांच्या गर्दीत आणून ठेवले. म्हणून तो मला जवळचा वाटतो.

परंतु जवळचा वाटला म्हणून त्याची मर्यादा झाकण्याचे कारण नाही. या चित्रपटाच्या आरंभी तो वृद्ध नटच आपल्यासमोर येऊन वृद्धांचे दुःख समजावून सांगतो. ते आवाहन करुणेचे आहे. हक्काची भाषा त्यात नाही. शिवाय हा गृहस्थ सन्मानात जगून अवमानात उतरलेला आहे. त्याची अवहेलना वयाबरोबर आली. आमच्याकडे ती जन्माबरोबर येते. तेव्हा 'एक दिवस तुम्हीही म्हातारे व्हाल' असे बजावून प्रेक्षकाला हलवता येते. 'एक दिवस तुम्हीही अस्पृश्य व्हाल' असे कोणाला बजावणार? करुणेच्या कलेची धाव येथे संपते.

रोमेरोचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या बाबतीत पुढे गेला होता. त्यात ड्वेन जोन्स हा काळा नट नायक आहे. रात्रभर तो प्रेतांशी झुंजून जिवंत राहतो आणि सकाळी मदतीला आलेले बंदूकधारी गोरे त्यालाच प्रेत समजून गोळी घालतात. प्रेतांपासून वाचलेला माणूस माणसांपासून वाचत नाही. माझे आजोबा वेगळे काय सांगत होते?

हाच ड्वेन जोन्स १९७३ साली बिल गन या काळ्या दिग्दर्शकाच्या 'गांजा अँड हेस' मध्ये होता. दलित पँथरचा जाहीरनामा आला ते हेच वर्ष. निर्मात्यांना रक्तपिपासूंचा धंदेवाईक चित्रपट हवा होता. गनने व्यसन, धर्म आणि काळ्या माणसाची दुभंगलेली ओळख यांविषयीचा चित्रपट दिला. कानच्या महोत्सवात तो दाखवला गेला. पण घरी त्याच्यावर कात्री चालली. अर्ध्या तासाहून अधिक भाग कापून तो वेगळ्याच नावाने विकला गेला. गनने त्यावरून आपले नाव काढून घेतले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मूळ रूपातील प्रत राहिली म्हणून आज तो चित्रपट आहे. गनचा त्याआधीचा, १९७० चा 'स्टॉप' हा चित्रपट तर वॉर्नर ब्रदर्सने चित्रपटगृहांत आणलाच नाही.

म्हणजे हरवण्याचे प्रकार एकसारखे नाहीत. एक चित्रपट आगीत जातो, एक कपाटात पडतो, एक कात्रीखाली येतो. आणि शोधालाही उतरंड आहे. शोध नावामागे जातो. रोमेरोचे नाव मोठे झाले होते म्हणून त्याची कपाटातली प्रत शोधण्याजोगी ठरली. ज्याचे नावच होऊ दिले नाही, त्याला कोण शोधणार?

आपल्याच देशातले उदाहरण घ्या. मल्याळम भाषेतील पहिला चित्रपट 'विगतकुमारन'. दिग्दर्शक जे. सी. डॅनियल, नायिका पी. के. रोझी. रोझी पुलया या दलित जातीची. तिने नायर स्त्रीची भूमिका केली. तिरुवनंतपुरममध्ये खेळ लागला तेव्हा सवर्ण प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले. रोझीला परागंदा व्हावे लागले. पुढचे आयुष्य तिने तमिळ मुलखात, नटी म्हणून न ओळखले जाता काढले. हा भयपट नव्हता. भय पडद्याच्या अलीकडे, खुर्च्यांवर बसले होते. त्या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. अलीकडच्या काळात केरळातील स्त्री चित्रकर्मींनी तिच्या नावाने चित्रपट मंडळ काढले, हे चांगले झाले. पण पोस्टरचे लिलाव करणाऱ्या जगाला तो पडदा अजून आठवत नाही.

मग आपण काय करायचे? केवळ गाऱ्हाणे मांडून भागणार नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यांच्या अंत्ययात्रेचे चलच्चित्रण व्हावे म्हणून नामदेव व्हटकर यांनी स्वतःची मालमत्ता पणाला लावली. लाखोंचा तो शोकसागर आज आपण पाहू शकतो, कारण एका दलित लेखकाने त्याच क्षणी ठरवले की हे हरवू द्यायचे नाही. त्यांनी कोणा संस्थेची, कोणा चाहत्यांच्या शोधाची वाट पाहिली नाही.

हरवलेले शोधणे मोलाचे आहेच. पण ज्यांच्या वस्तू हरवण्याची व्यवस्थाच करून ठेवली आहे, त्यांनी हरवण्यापूर्वी राखणे शिकले पाहिजे. आपल्या जलसाकारांच्या वह्या, नामांतर लढ्यातील छायाचित्रे, जुन्या सभांच्या ध्वनिफिती आज कोणाच्या पत्र्याच्या पेटीत आहेत? ती पेटी आधी उघडू या. पावसाळ्यापूर्वी!