शाकाहार आणि उतारवयातील हाडे : प्रश्न नीट मांडायला हवा

शाकाहारामुळे म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात काय? आमच्या मते, या प्रश्नाच्या उत्तराआधी प्रश्नच तपासायला हवा.

‘होतात’ म्हणणारे बहुधा ब्रिटनमधील ‘एपिक-ऑक्सफर्ड’ पाहणीचा दाखला देतात. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. सुमारे ५५ हजार लोकांचा सरासरी साडेसतरा वर्षे मागोवा घेतला गेला. मांसाहारी लोकांच्या तुलनेत दूधही वर्ज्य करणाऱ्यांत खुब्याचे हाड मोडण्याचा धोका दुपटीहून अधिक, तर इतर शाकाहारींत २५ टक्क्यांनी जास्त आढळला. पाहणी काळजीपूर्वक केलेली आहे. आमचा आक्षेप तिच्या वर्गवारीवर आहे. ताटात काय नाही, यावरून गट पाडले. काय आहे, हे मागे पडले.

२०२४ साली अमेरिकेतील ७० हजारांहून अधिक परिचारिकांच्या अभ्यासात वनस्पतिज आहाराची प्रतही मोजली गेली. अख्खी धान्ये, डाळी, भाज्या यांना अधिक गुण. मैदा, साखर, गोड पेये यांना कमी. दीर्घकाळच्या आहाराचा खुब्याच्या अस्थिभंगाशी संबंध दिसला नाही. अलीकडच्या आहाराचा मात्र दिसला : चांगल्या प्रतीला धोका २१ टक्क्यांनी कमी, हलक्या प्रतीला २८ टक्क्यांनी जास्त. पण प्रकृती ढासळली की जेवणही बदलते. तेव्हा यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सांगणे कठीण.

आता हिंगोली जिल्ह्यातील नर्सी नामदेवच्या एखाद्या माळकरी आजींचे ताट कल्पनेत घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रजोनिवृत्तीनंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. ३०० ग्रॅम ज्वारीतून मिळते जेमतेम ८०; तेवढ्याच तांदळातून २५ सुद्धा नाही. म्हणजे नुसत्या भाकरीचा अभिमानही हाडांच्या कामाचा नाही. मात्र २० ग्रॅम तिळाच्या चटणीत सुमारे २५०, पाव लिटर दुधात ३००, आणि १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात ३०० हून अधिक मिलिग्रॅम असते. अर्थात हे अन्नातले प्रमाण झाले. शरीरात शोषले जाते ते बरेच कमी. पालकातील ऑक्झॅलेट तर बहुतेक कॅल्शियम अडवून धरते. शिवाय शोषणाला ‘ड’ जीवनसत्त्व लागते, आणि ते प्रामुख्याने उन्हातून मिळते.

हाडाला प्रथिनेही लागतात. हिंगोलीच्या शिवारात सोयाबीन उदंड पिकते. त्यात ३५ टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. पण ते पोत्यांतून बाजारात जाते आणि दात पडलेल्या आजींच्या वाट्याला चहा-बिस्किट येते. हाही शाकाहारच! माळेला दोष देण्याआधी हे पाहायला हवे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरातील वृद्धांच्या एका दिवसाच्या आहाराची नोंद करायला सांगावे आणि कॅल्शियमची बेरीज वर्गात मांडावी. शाकाहार चांगला की वाईट, या वादापेक्षा त्या बेरजेतून अधिक कळेल.